काळा दगड आणि त्याचें गणित

छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा पाहून परतणारे बहुतेक लोक ताजमहालाशीं त्याची तुलना करीत घरीं येतात. आम्हांस मात्र तेथें निराळाच प्रश्न पडतो. अताउल्ला व हंसपतराय यांनीं इ. स. १६६०-६१ च्या सुमारास पुरा केलेला हा संगमरवरी घुमट, खालच्या काळ्या दगडाच्या भिंतींवर साडेतीनशें वर्षें कशाच्या बळावर उभा आहे?

दगड दाबानें सहजीं फुटत नाहीं. पण दोन दगडांमधील सांधा ताण पडतांच उघडतो. म्हणून सारा भार दाबाच्याच रूपानें पायापर्यंत उतरेल असा आकार साधणें, हीच गवंड्याची खरी विद्या. टांगलेली साखळी उलटी कल्पावी म्हणजे कमानीचा योग्य आकार मिळतो, हें हूकनें १६७५ त सांगितलें. रोममधील सेंट पीटरच्या घुमटास तडे गेले, तेव्हां पोलेनीनें वजनें अडकविलेल्या साखळीनेंच त्याची परीक्षा केली व १७४८ त निर्णय प्रसिद्ध केला. हेमननें १९६६ त या विचारास शास्त्रशुद्ध रूप दिलें. पुढें १९७१ त कंडॉलनें भेगाळलेल्या कातळासाठीं जी रीत काढली, तींत संगणक प्रत्येक ठोकळा सुटा धरतो व तो शेजाऱ्यावर किती रेलतो, कोठें घसरतो, हें क्षणाक्षणानें मोजतो. आज जुन्या दगडी इमारतींसही ती लावतात.

या गणिताचें मोल मराठवाड्यानें फार कडू रीतीनें जाणलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडली गेलीं. दगड तोच काळा. भिंती चांगल्या जाडजूड, वर मातीचें जड धाबें. परंतु त्या भिंती म्हणजे मातींत रचलेले दोन वेगळे थर, मध्यें चिपा व माती. आरपार जाणारा लांब दगड क्वचितच. हादरा बसतांच थर परस्परांपासून सुटले. अशी भिंत एकसंध आहे असें सांगून संगणकास विचारलें असतें, तर त्यानेंही ती बिनधोक ठरविली असती. दोष यंत्राचा नव्हे, सांगणाराचा.

भूकंपांतून वांचलेल्या घरांसाठीं पुढें उपाय सुचविला गेला तो साधाच: भिंतीस आरपार भोकें पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावें. गिलावा झाल्यावर तें बाहेरून दिसतही नाहीं.