इंजिन बंद पडल्यावरची चार मिनिटे

आमच्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा म्हणजे नांदेडचा. तरीही हौशी वैमानिकांचा इतिहास वाचताना मला सारखे आमचेच शिवार आठवते. कारण हवेत लहान विमानाचे एकुलते एक इंजिन बंद पडले, की वैमानिकाला विमानतळ मिळतोच असे नाही. त्याला शेत शोधावे लागते.

आपल्याकडचा हा इतिहास मुंबईत सुरू होतो. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, क्रमांकही १. त्याच सुमारास आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. भारत आणि इंग्लंड यांमधले अंतर एकट्याने, महिन्याच्या आत कापणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. १९३० मध्ये या चुरशीत तिघांची नावे गाजली: टाटा, अस्पी इंजिनिअर आणि मनमोहन सिंग (आपले माजी पंतप्रधान नव्हेत, हे वेगळे). मनमोहन सिंगांना वाटेत विमान उतरवावे लागले आणि कराची गाठेपर्यंत मुदत टळून गेली. अस्पी अवघे सतरा वर्षांचे. इंग्लंडहून येताना ते इजिप्तमध्ये अबुकीरला अडकले. स्पार्क प्लग हवे होते. समोरून, म्हणजे भारताकडून, टाटा तिथे उतरले आणि त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले. पुढे १९६० मध्ये ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही गोष्ट खिलाडूवृत्तीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला मात्र त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. वाळवंटाच्या वाटेवर जादा प्लग कोणाच्या पिशवीत होते? काय बिघडू शकेल याचा विचार एकाने जमिनीवरच करून ठेवला होता.

चूक नवख्यांच्याच हातून होते असेही नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे नवे चार इंजिनांचे बॉम्बर विमान उडताच कोसळले. चालवणारे मेजर प्लॉयर हिल लष्कराचे कसलेले चाचणी वैमानिक होते. जमिनीवर उभ्या विमानाच्या शेपटीचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून अडसर लावतात, तो काढायचा राहून गेला होता. हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर, दोघेही या अपघातात प्राणाला मुकले. त्यानंतर वैमानिकांनी उपाय काढला तो शाळकरी वाटावा असा: करायच्या कामांची छापील यादी. आज जगभर विमान उडवण्यापूर्वी जी यादी वाचली जाते, तिचा वापर रूढ झाला तो या अपघातानंतर.

पण इंजिन बंद पडल्यावर यादी वाचायला वेळ कुठला? सेसना १५२ हे शिकाऊ वैमानिकांचे दोन आसनी विमान घ्या. तीन हजार फुटांवर इंजिन थांबले, तर ते तरंगत साधारण आठ किलोमीटर जाते. हातात चार-साडेचार मिनिटे. पहिले काम म्हणजे नाक खाली ठेवून वेग राखणे. घाबरलेला हात नेमका उलट करतो, नाक वर ओढतो; वेग मरतो, पंखांची उचल जाते आणि विमान दगडासारखे पडते. मग जागा हेरायची, आणि ती हेरता हेरता इंधनाची कळ, कार्ब्युरेटरचे तापक तपासायचे. आपल्या उष्ण देशातही दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे ऐकून मी चकित झालो होतो.

आता जागा. एप्रिलमध्ये आमची रिकामी, कडक राने एक वेळ चालतील. ऑगस्टमध्ये काळी माती चाके धरते आणि विमान उलटते. सरींना आडवे उतरायचे नाही, सरींच्या दिशेने उतरायचे. म्हणजे वसमतकडचे हळदीचे वाफे असतील तर सरी कुठल्या अंगाने आहेत ते वरूनच ओळखायला हवे. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधावे लागतात.

जुलै २०२२ मध्ये बारामतीहून एकटीच उडालेली एक शिकाऊ वैमानिक मुलगी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीजवळ अशीच शेतात उतरली. विमान मोडले, ती किरकोळ जखमांवर बचावली.

शिकाऊ वैमानिकाच्या हाताला ही सवय ताजी असते. शेजारी बसलेला प्रशिक्षक अचानक इंजिनाची ताकद काढून घेतो आणि विचारतो, ‘आता कुठे उतरणार?’ परवाना मिळाला की हा प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. हौशी माणूस महिन्याकाठी तास-दोन तास उडतो, कधी तेवढेही नाही. अमेरिकेत प्रवासी बरोबर घ्यायचा तर मागच्या नव्वद दिवसांत तीन वेळा उड्डाण करून उतरलेले असावे लागते. नियम चांगला, पण त्या तीन खेपांत इंजिन बंद पडल्याचा सराव केलाच पाहिजे असे बंधन नाही. माझ्या मते खरी उणीव तिथे आहे.

टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. १९६२ मध्ये तोच मार्ग त्यांनी पुन्हा उडून काढला. आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, एक इंजिनाच्या जुन्या लेपर्ड मॉथमधून ते कराचीहून पुन्हा एकटे निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले.