हॅकर सरकारला हवा असतो, पण कोणत्या अटीवर?

सरकार हॅकरना कामावर घेतंय, ही बातमी तुम्हाला नवी वाटत असेल. पण थोडं मागे जाऊन अमेरिकेचं उदाहरण पाहू.

१९ मे १९९८ रोजी सिनेटच्या समितीपुढे बोस्टनच्या 'लॉफ्ट' गटाचे सात हॅकर बसले. समोरच्या पाट्यांवर खरी नावं नव्हती, टोपणनावं होती. आम्ही ३० मिनिटांत इंटरनेट ठप्प करू शकतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यातला 'मज', म्हणजे पीटर झॅटको, २०१० मध्ये संरक्षण खात्याच्या 'डार्पा' संस्थेत गेला. छोट्या गटांना आणि एकेकट्या हॅकरना झटपट कंत्राटं मिळावीत म्हणून त्याने 'सायबर फास्ट ट्रॅक' योजना आणली.

२०१२ मध्ये एनएसएचे प्रमुख कीथ अलेक्झांडर लास वेगासच्या 'डेफ कॉन' संमेलनात चक्क टी-शर्ट घालून मदत मागायला आले. पुढच्याच वर्षी स्नोडेन प्रकरण झालं, आणि त्याच संमेलनाच्या संस्थापकाने सरकारी मंडळींना सांगितलं, यंदा येऊ नका!

मग २०१६ मध्ये पेंटागॉनने काय केलं? १९८६ च्या कायद्याने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं गुन्हा आहे. पेंटागॉनने नोंदणी केलेल्यांना ठरावीक संकेतस्थळांपुरती ती परवानगीच दिली. १,४०० हून अधिक जणांनी नाव नोंदवलं, १३८ खऱ्या त्रुटी सापडल्या.

म्हणून या विषयावर संशोधन करणार असाल, तर भरतीच्या घोषणा मोजत बसू नका. कंत्राट, कायदा आणि विश्वास यांत सरकारने स्वतः काय बदललं, ते शोधा.