हेड यांचा हात आणि रिव्हर्स यांची टाचणी

लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी २५ एप्रिल १९०३ रोजी स्वतःच्या धडधाकट डाव्या हातातील मज्जातंतू कोपराजवळ कापवून घेतला. शल्यविशारदांनी त्याची टोके रेशमी धाग्याने पुन्हा जोडली. मनगटाच्या मागील भागावरील कातडी बधिर झाली.

असे करण्याचे कारण साधे होते. जखमी मज्जातंतूंचे रुग्ण हेड रोज तपासत. पण तासन्‌तास टोचून घेऊन ‘नेमके काय जाणवले’ हे अचूक सांगणे त्या थकलेल्या माणसांना कसे जमावे? तेव्हा हेड स्वतःच रुग्ण झाले.

पुढील चार वर्षे ते आठवडाअखेरीस केंब्रिजला जात. तेथे त्यांचे मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स टाचणी, कापूस, गरम-थंड नळ्या घेऊन बसत. (हे रिव्हर्स नुकतेच निलगिरीतील तोडा लोकांचा अभ्यास करून परतले होते.) हेड डोळे मिटून उत्तरे देत. असे १६७ दिवस भरले.

प्रथम परतली ती वेदना, आणि तीही विचित्र. टाचणी एका जागी टोचावी आणि कळ दुसरीकडेच उठावी, पसरावी, असह्य व्हावी. कापसाचा हलका स्पर्श मात्र कळतच नव्हता. तो बऱ्याच काळाने आला आणि तो येताच वेदनेचा उच्छृंखलपणा ओसरला. यावरून १९०८ मध्ये दोघांनी मांडले की संवेदनेच्या व्यवस्था दोन आहेत : रांगडी, आदिम ‘प्रोटोपॅथिक’ आणि तिला लगाम घालणारी, उत्क्रांतीत मागाहून आलेली ‘एपिक्रिटिक’.

निरीक्षणे प्रामाणिक होती. ही उतरंड मात्र कातडीवर दिसलेली नव्हती. ती त्या काळाच्या मनात आधीच होती. १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत रिव्हर्स यांचे सहकारी विल्यम मॅक्डूगल यांनी तेथील बेटवासीयांचे स्पर्शज्ञान इंग्रजांच्या दुप्पट, पण वेदना जाणवण्याची शक्ती जेमतेम निम्मी ठरवली होती. वस्तुतः परक्या साहेबाने उपकरण दाबल्यावर माणूस ‘दुखले’ केव्हा म्हणतो, एवढेच त्यात मोजले गेले. ज्यांचे दुखणे असे निम्मे ठरते, त्यांच्या कण्हण्याकडे कोण लक्ष देणार?

१९०९ मध्ये विल्फ्रेड ट्रॉटर आणि ह्यू मॉरिस्टन डेव्हिस यांनीही हाच मार्ग धरला. एक नव्हे, सात मज्जातंतू स्वतःच्या शरीरात कापवून घेतले! त्यांना दोन स्वतंत्र व्यवस्था आढळल्या नाहीत. आजचे शास्त्र वेदना आणि सूक्ष्म स्पर्श यांचे तंतू वेगळे मानते, पण ‘आदिम’ आणि ‘सुसंस्कृत’ ही विभागणी मानत नाही.

रिव्हर्स यांनी मात्र ती कल्पना सोडली नाही. महायुद्धात क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात ते मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करत होते. कवी सिगफ्रीड ससून त्यांपैकीच एक. त्या अनुभवावर १९२० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी माणसाच्या सहजप्रेरणांनाही ‘प्रोटोपॅथिक’ हेच विशेषण लावले.