ओकच्या वांकड्या फांद्या

सुतारास सरळ सोट हवा असतो, ही समजूत घरबांधणीपुरती खरी आहे. जहाजाच्या सांगाड्यास वांकडें लांकूड लागतें. सरळ तुळईंतून बांक कापून काढला तर लांकडाचे तंतू मध्येंच तुटतात आणि तो तुकडा आघातास टिकत नाहीं. फांदीचा बांक व तंतूंचा बांक एकच असेल, तरच बरगडी मजबूत होते.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर असें झाड निसर्गानेंच वाढविलें आहे. तें बारमाही हिरवें राहतें म्हणून त्यास ‘लाइव्ह ओक’, म्हणजे जिवंत ओक, म्हणतात. उंच जाण्यापेक्षां तें वडाप्रमाणें आडवें पसरतें. त्याचें लांकूड वाळल्यावरही घनफुटास सुमारें ६३ पौंड, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकें, भरतें. पांढऱ्या ओकचें ४७ पौंडांच्या आसपास भरतें. मात्र पांढऱ्या ओकच्या नलिका आंतून बुजलेल्या असल्यामुळें त्यांतून पाणी झिरपत नाहीं. म्हणून दारूचीं पिंपें व जहाजांच्या फळ्या त्याच्या करीत.

इ. स. १७९४ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें सहा लढाऊ जहाजें बांधण्याचें ठरविलें. फिलाडेल्फियाचा जहाजशिल्पी जोशुआ हम्फ्रीज यानें सांगाड्यास जिवंत ओकच पाहिजे असा आग्रह धरला. त्याकरितां उत्तरेकडील लांकूडतोडे जॉर्जियाच्या सेंट सायमन्स बेटावर पाठविण्यांत आले. पावसानें व तापानें ते जर्जर झाले. पुष्कळ जण परतले. काम पुढें रेटण्यास तेथील मळ्यांवरील गुलामांचे हात लागले.

२१ ऑक्टोबर १७९७ रोजीं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हें जहाज बोस्टन येथें पाण्यांत उतरलें. १९ ऑगस्ट १८१२ रोजीं इंग्रजांच्या ‘गेरियर’शीं झालेल्या झुंजींत त्याच्या कुशीवरून तोफेचे गोळे उसळून परततांना दिसले. तेव्हांपासून त्यास ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, म्हणजे लोखंडी कुशीचें, म्हणूं लागले. वस्तुतः तेथें लोखंड नव्हतें. आंतबाहेर पांढऱ्या ओकच्या फळ्या आणि मध्यें दाटीनें बसविलेल्या जिवंत ओकच्या बरगड्या होत्या.

त्याच वर्षीं २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्यानें ‘जावा’ या इंग्रज जहाजाचा पाडाव केला. ‘जावा’वर मुंबईस निघालेला जनरल हिस्लॉप होता, आणि मुंबईच्या गोदींत सागवानानें बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’करितां तांबेंही होतें. हाच हिस्लॉप पुढें १८१७ सालीं महिदपुरास होळकरांच्या सैन्याशीं लढला.

१९२७ सालीं ‘कॉन्स्टिट्यूशन’ची मोठी दुरुस्ती सुरू झाली, तेव्हां पेन्साकोला येथील आरमारी तळ्यांत पूर्वीं बुडवून ठेवलेलें जिवंत ओकचें लांकूड कामीं आलें. तें जहाज आजही बोस्टनच्या बंदरांत तरंगत आहे. त्याच्या कप्तानांचा गौरव इतिहासांत भरपूर झाला आहे. बेटावर तापांत कुऱ्हाड चालविणाऱ्या मजुरांचा व गुलामांचा उल्लेखही त्याच्या शेजारींच झाला पाहिजे.