सणांच्या पाककृतींचा ठेवा

पाताळगंगेच्या काठी वसलेल्या आपटा गावी गणेशचतुर्थीस उकडीच्या मोदकांचा नैवेद्य होतो. तांदूळ, नारळ, गूळ हे पदार्थ कोकणात पुरातन. मिरची मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणिली. तत्पूर्वी तिखटास मिरी व पिंपळी वापरीत. त्या काळी आपल्या पूर्वजांचे सणाचे पान कसे वाढीत, हे सांगणारे टिपण आज कोणाच्या घरी आहे? सन १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणी-मित्र’ ग्रंथात एक हजार पाकक्रिया लिहून ठेविल्या. आमच्या मातोश्री अंदाजानेच रांधीत. हळदीच्या पानांतील त्यांच्या पातोळ्यांची चव त्यांच्यासवेच गेली. ज्ञातिभगिनींनो, उकडीस पिठाइतके पाणी, सारणास ओल्या खोबऱ्याच्या निम्मा गूळ, एवढे तरी लेकीसुनांसाठी लिहून ठेवा.