एकनाथ सोलकर : ५३ झेलांची कारकीर्द

१/११
पेण-रोहा भागात भाताची कापणी उरकली की खांबसारख्या गावांतील मोकळ्या शेतांत यष्ट्या रोवल्या जातात. तेथे प्रत्येकाला बॅट हवी असते, नाहीतर चेंडू. फलंदाजाच्या पुढ्यात दोन-तीन पावलांवर उभे राहण्यास मात्र कोणी आपणहून पुढे होत नाही. भारतीय क्रिकेटमध्ये त्या नकोशा जागेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती एकनाथ धोंडू सोलकर यांनी.

२/११
जन्म १८ मार्च १९४८, मुंबई. वडील मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखत. कुटुंबाचे बिऱ्हाड तेथीलच एका खोलीत. खेळपट्टीवर पाणी मारणे, रोलर फिरवणे ही घरची कामे. सामन्याच्या दिवशी धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम लहानग्या एकनाथाकडे. दुसऱ्यांच्या धावा मांडता मांडता हा मुलगा खेळ शिकला.

३/११
१९६४ मध्ये शालेय संघातून सिलोनचा दौरा झाला. १९६५-६६ मध्ये लंडनच्या शालेय संघाविरुद्ध भारतीय शालेय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्या संघात सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ होते. पुढे १९६९ च्या ऑक्टोबरात हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले.

४/११
त्या काळी भारताकडे वेगवान गोलंदाजांची वानवा होती. सारी भिस्त बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकीपटूंवर. अशी गोलंदाजी फलंदाजाला चकवते, तेव्हा चेंडू बॅटची किंवा ग्लोव्हची कड घेऊन जेमतेम उडतो. तो जमिनीवर पडण्याआधी उचलणारा हात जवळ नसेल, तर त्या कौशल्याचे मोल शून्य. तो हात सोलकरांचा होता.

५/११
त्यांची जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग. डोक्यावर हेल्मेट नाही, नडगीला संरक्षण नाही. हेल्मेटचा वापर रूढ झाला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे त्यांची कसोटी कारकीर्द संपल्यावर. फलंदाजाने सर्व ताकदीनिशी मारलेला फटका चुकवायचा की अडवायचा, याचा निर्णय क्षणार्धात घ्यायचा आणि पुढच्या चेंडूला पुन्हा तेथेच वाकून उभे राहायचे, असे ते काम.

६/११
१९७१ चा वेस्ट इंडीज दौरा. किंग्स्टनला भारत ५ बाद ७५ असताना सोलकरांनी दिलीप सरदेसाईंसह १३७ धावा जोडल्या, स्वतःच्या ६१. पोर्ट ऑफ स्पेनला ५५ धावा आणि सामन्यात सहा झेल. विरोधकांच्या वीस बळींपैकी सहा त्यांच्या हातात विसावले. भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी विजय मिळवला तो याच सामन्यात.

७/११
त्याच दौऱ्यात बार्बाडोसला ६ बाद ७० अशी दाणादाण उडाली. पुन्हा सरदेसाई आणि सोलकर. भागीदारी १८६ धावांची. मालिका भारताने १-० अशी जिंकली. सरदेसाईंची दीडशतकी आणि द्विशतकी खेळी, गावसकरांचे पराक्रमी पदार्पण इतिहासाने लक्षात ठेवले. दुसऱ्या टोकाला पाय रोवून राहिलेल्या सोलकरांचा उल्लेख बहुधा नंतर येतो.

८/११
ऑगस्ट १९७१, ओव्हल. सोलकरांनी पहिल्या डावात २८ धावांत तीन बळी घेतले, मग फारुख इंजिनियर यांच्यासह संघाला सावरत ४४ धावा केल्या. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात ॲलन नॉट खेळायला आला. पहिल्या डावात ९० धावा करणारा हा फलंदाज पाय रोवता, तर सामना हातचा गेला असता. वेंकटराघवनच्या चेंडूवर कड लागली आणि पुढे झेपावत, जमिनीलगत सोलकरांनी तो झेल टिपला. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखर : ३८ धावांत ६ बळी. इंग्लंडच्या भूमीवर भारताने प्रथमच कसोटी सामना आणि मालिका जिंकली.

९/११
१९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. त्या मालिकेत सोलकरांनी १२ झेल घेतले. जानेवारी १९७५ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी झाली आणि तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी १०२ धावा केल्या. कारकिर्दीतील हे एकमेव कसोटी शतक. हिंदू जिमखान्यापासून वानखेडे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एकेकाळी इतरांचे आकडे लावणाऱ्या मुलाच्या नावापुढे आता तीन आकडे लागले होते.

१०/११
१९७७ मध्ये कसोटी कारकीर्द थांबली. एकूण २७ कसोटी, १,०६८ धावा, १८ बळी आणि ५३ झेल. धावा व बळी या दोन रकान्यांवरून कोणी त्यांना थोर म्हणणार नाही. तिसरा रकाना मात्र विलक्षण आहे : सामन्यामागे जवळजवळ दोन झेल. किमान २० कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत हे प्रमाण त्यांच्यानंतर कित्येक दशके कोणाला गाठता आले नाही.

११/११
२६ जून २००५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे मुंबईत निधन झाले, वय ५७. धावफलकावर नोंद राहते ती अशी : नॉट, झे. सोलकर, गो. वेंकटराघवन, १. बळी गोलंदाजाच्या खात्यात जमा होतो. भारतीय फिरकीच्या सुवर्णकाळाचा हिशेब मांडताना ‘झे.’ या एका अक्षरापुढचे नावही वाचायला हवे. तो सुवर्णकाळ जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्या माणसाने उघड्या हातांनी झेलला होता.