विश्वास आणि विश्वासार्हता : रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि एक हरवलेला भेद

21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हे आपल्यापैकी बहुतेकांना शालेय पाठ्यपुस्तकापासून ठाऊक असते. मात्र हातात काय होते, या प्रश्नाला आमच्या वर्गात हमखास दोन उत्तरे येतात. कुणी 'पिस्तूल' म्हणतो, कुणी 'रिव्हॉल्व्हर'. आणि दोघांनाही आपण एकच गोष्ट सांगत आहोत असे वाटते. मराठी रहस्यकथांनीही हे दोन शब्द समानार्थी म्हणून इतके वापरले की भेद उरलाच नाही. हा भेद केवळ शस्त्रांच्या जाणकारांपुरता आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यामागे यंत्रावर विश्वास कसा बसतो याचा एक इतिहास आहे.

रिव्हॉल्व्हर हे नाव त्याच्या फिरत्या सिलिंडरावरून आले. सॅम्युअल कोल्टने 1836 मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. सिलिंडरात पाच किंवा सहा खोबणी असतात, प्रत्येकीत एक गोळी. पुढील काळातील दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरांत एकट्या चाप ओढण्यानेच सिलिंडर एक घर पुढे सरकते आणि गोळी सुटते. येथे यंत्राला चालवणारी शक्ती बोटाची आहे. म्हणून एखादे काडतूस फुसके निघाले तरी फारसे बिघडत नाही. चाप पुन्हा ओढावा, पुढचे काडतूस समोर येते. आधीच्या गोळीचे अपयश पुढच्या गोळीला बाधत नाही. रिव्हॉल्व्हरच्या विश्वासार्हतेची सारी कीर्ती या एका गुणावर उभी आहे. तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. सिलिंडर आणि नळी यांची रेषा जुळवणारे आतील भाग नाजूक असतात. ते झिजले, अथवा सिलिंडराच्या फटीत रेती शिरून ते अडकले, तर उभ्या उभ्या हाताने करता येण्याजोगा उपाय सहसा नसतो. रिव्हॉल्व्हर क्वचित रुसते, पण रुसले की कारागिराकडेच न्यावे लागते.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची रीत निराळी. 1880 च्या दशकात धूरविरहित दारू आली, नळीत साचणारी काजळी कमी झाली, आणि सुटलेल्या गोळीच्या धक्क्याचाच उपयोग पुढचे काडतूस भरण्यासाठी करता येईल हे ध्यानात आले. बोरशार्ट (1893), माउझर (1896) आणि जॉन ब्राउनिंग यांची पिस्तुले याच विचारातून जन्मली. येथे प्रत्येक गोळी आधीच्या गोळीची ऋणी असते. दारू कमजोर असेल, मॅगझिनची कड वाकली असेल, किंवा धरणाऱ्याचे मनगट ढिले असेल, तर वरचा सरकता भाग पुरता मागे जात नाही आणि रिकामे टरफल मध्येच अडकते. अडथळ्याच्या जागा अधिक, हे खरे. परंतु बहुतेक अडथळे सरावलेल्या हाताला दोन-तीन क्षणांत दूर करता येतात. म्हणजे एका यंत्राचे दोष विरळ पण हट्टी, दुसऱ्याचे अधिक पण बहुधा सुटण्याजोगे. यांपैकी विश्वासार्ह कोणते, याचे उत्तर 'विश्वासार्ह' म्हणजे काय यावर ठरते.

अमेरिकी लष्कराने हा प्रश्न मोजमापाने सोडवावयाचे ठरविले. मार्च 1911 मधील चाचणीत कोल्ट कंपनीचे ब्राउनिंग-रचनेचे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल यांतून प्रत्येकी 6000 गोळ्या झाडण्यात आल्या. सॅव्हेज 37 वेळा अडखळले. कोल्ट एकदाही नाही. त्यानंतर वाकडी काडतुसे, गंज आणि चिखल यांचीही परीक्षा झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस कोल्टचा स्वीकार झाला आणि 'एम 1911' हे नाव रूढ झाले.

उलट ब्रिटिश लष्कराने आपले वेब्ली रिव्हॉल्व्हर सोडले नाही. 1915 मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली आणि ती पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून वावरली. ब्रिटिश सेनेने ब्राउनिंग हाय-पॉवर हे पिस्तूल अधिकृतपणे स्वीकारले ते थेट 1954 मध्ये. एका सैन्याने चाचणीवर भिस्त ठेवली, दुसऱ्याने परिचयावर. परिचय म्हणजे अडाणीपणा नव्हे. वेब्ली खरोखरच दणकट होते. परंतु विश्वास ही माणसाच्या मनाची अवस्था आहे आणि विश्वासार्हता हा यंत्राचा गुण. पहिली दुसरीमागून कधी दशकभर, कधी अर्धशतक उशिरा येते.

आता नाशिककडे वळू. नाशिक खटल्यात पुढे आले त्याप्रमाणे, सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली होती; जॅक्सनवधातील शस्त्र त्यांपैकीच. ब्राउनिंगची ही पिस्तुले बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. सिलिंडराचा फुगवटा नसलेले ते चपटे शस्त्र पेटीच्या चोरकप्प्यात सहज मावणारे होते. येथे आपण 'रिव्हॉल्व्हर' लिहितो तेव्हा सत्तर वर्षांहून जुने यंत्र वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे करतो आणि त्या तरुणांच्या हाती युरोपातील अगदी नवे तंत्र होते, ही वस्तुस्थितीच पुसून टाकतो. शब्द चुकला की काळ चुकतो, तो असा.

या कथेला एक शांततेची बाजूही आहे. ऑलिंपिकमधील दहा मीटर एअर पिस्तुलात ना दारू, ना सिलिंडर, ना आपोआप भरणारी यंत्रणा. दाबाखालील हवेवर एकेक छर्रा सुटतो आणि पुढचा हाताने भरावा लागतो. गुंतागुंत इतकी कमी म्हटल्यावर बिघाडाचा संभव तो किती? तरीही टोकियो येथे जुलै 2021 मध्ये पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच क्रीडाप्रकारात 2024 साली पॅरिसला त्यांनी कांस्यपदक मिळविले. यंत्र कितीही साधे असो, विश्वासार्हता शंभर टक्के कधीच नसते. बिघाडानंतर सावरणारा हात हाही तिचाच एक भाग असतो.

तेव्हा 'रिव्हॉल्व्हर कधी दगा देत नाही' हे वाक्य पुढे कथेत वा उत्तरपत्रिकेत आढळले, तर आम्ही समासात एवढेच विचारू : कोणते रिव्हॉल्व्हर, कोणत्या साली, आणि कोणाच्या हाती?